पांढऱ्या लाकडावरचा पंजा

येशूची मूर्ती सेनोबियाकडे पॉलिशला देऊ नका, असं गल्लीतला ताता वेनान्सिओ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "ती त्याच्या जखमा लांबी भरून बुजवेल, वर काचकागद मारेल, आणि म्हणेल, घ्या, आता कसा माणसात आला." हे तो तिच्या तोंडावरही म्हणायचा. ती नाकाने फुस्स करायची आणि हातातलं काम चालू ठेवायची.

आमच्या डोंगरात वडीलधाऱ्या पुरुषाला ताता म्हणतात आणि बाईला नाना. तेव्हा नाना सेनोबिया म्हटल्यावर कुणी मिशाळ म्हातारा डोळ्यांपुढे आणू नका. बुटकी, रुंद हाडाची बाई होती ती. दोन पांढऱ्या वेण्या पाठीवर एकीला एक बांधलेल्या, लॅकरच्या डब्यात लोंबू नयेत म्हणून. गिटारी करणारी घरं आमच्या गावात पैशाला पासरी, पण गिटारीवरचा शेवटचा हात, म्हणजे घासून पुसून लाख नाहीतर लॅकर चढवायचं काम, अर्ध्या गल्लीचं तिच्याकडे यायचं. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पुरुष लाकूड कापतात, वाकवतात, चिकटवतात आणि हे सगळं करताना ते बरबटून ठेवतात. पेन्सिलीच्या रेघा, सरसाचे थेंब, कपाचे गोल, घामट बोटं. ते सगळं नाहीसं करणं हे सेनोबियाचं काम. दारात उभं राहून ती गिटार तिरप्या उजेडात धरायची आणि कुणाला न दिसणारा डाग तिला दिसायचा. मग त्या माणसाची धडगत नसायची. थिनर हुंगून हुंगून तिचं नाक कधीच गेलं होतं, चुलीवर मक्याच्या कोरुंदा जळल्या तरी तिला कळायचं नाही, पण डोळे मात्र घारीचे. नवरा, ताता एवारिस्तो, म्हणायचा की माझी बायको मला घरात घेताना आधी फडक्याने पुसते. तो बिचारा छातीच्या दुखण्याने लवकर गेला. मागे राहिला एकुलता एक मुलगा फाउस्तिनो. सगळे त्याला तिनो म्हणायचे.

तिनोच्या हातात बापापेक्षा जास्त कसब होतं आणि तितकीच घाणही. पोरगं कुठेही हात घालायचं आणि तोच हात लाकडावर टेकायचं. बाप गेल्यापासून तो वाद्यं करायचा आणि आई ती पुसायची. दिवसभर दोघांची त्यावरून जुंपलेली असायची, आणि तिनोची बायको ओतिलिया दोघांना जेवायला वाढता वाढता हसायची. असं ते घर होतं. चांगलं चाललं होतं, खोटं कशाला सांगू.

मग तिनोने उत्तरेला, सरहद्द ओलांडून कामाला, जायचं ठरवलं. आमच्याकडच्या प्रत्येक घरातला एक तरी तिकडे गेलेला असतोच, त्यात नवल काही नाही. जायच्या दिवशी सकाळी तो ओतिलियाच्या सायकलची निसटलेली चेन बसवत होता. ते झालं, तसा पिशवी ठेवायला जागा करावी म्हणून त्याने बाकावरची विहुएला उचलून बाजूला केली. विहुएला म्हणजे गिटारीची धाकटी बहीण, पाच तारांची, पाठीला पोक असलेली. त्याने ती नुकतीच पुरी केली होती. दर्शनी फळी पांढऱ्याशुभ्र लाकडाची, सरस मुरू नये म्हणून तिच्यावर लाखेचा एक पातळ हात मारलेला. त्यावर त्याचा पंजा उठला. अख्खा. काळ्या ग्रीसमध्ये.

"डुकरा," सेनोबिया म्हणाली, "पांढऱ्या लाकडावर? डोळे फुटले का तुझे?"

"तुलाच दिसतं ते, नाना. गिऱ्हाईक तारांकडे बघतं."

"हात धू आधी."

"ट्रक निघाला, नाना."

आणि तो गेला. ओतिलिया चौकापर्यंत गेली. सेनोबिया गेली नाही, कारण ती रागावली होती. रागात तिने विहुएला खुंटीला अडकवली, दुपारी पुसू म्हणून, आणि दुपारी दुसरं काम आलं.

सरहद्दीवरच्या कुठल्याशा गावातून त्याचा फोन आला, की उद्या चालायला लागणार, सोबत चांगली आहे, काळजी करू नका. त्यानंतर काही नाही. फोन नाही, निरोप नाही, सोबतच्यांपैकीही कुणी बोलायला परत आलं नाही. वाळवंटाने माणसं गिळली की असंच होतं. सेनोबियाने जिवाचं रान केलं. कचेऱ्या झाल्या, पाद्रीबाबा झाले, एका बाईने तिच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून नेली आणि काही सापडलं तर कळवू म्हणाली. काही सापडलं तर म्हणजे काय, हे सेनोबियाला न सांगता कळलं. 

दुसरं वर्ष सरताना तिला एक वेड लागलं. तिला घरात तिनोची खूण हवी होती. कपडे होते, पण ते ओतिलियाने धुतलेले. फोटो होता. तिला हवं होतं ते त्याच्या हाताचं काहीतरी. ती गल्लीतल्या घरोघरी गेली, त्याने केलेल्या गिटारी मागून घेतल्या, दारात उभी राहून तिरप्या उजेडात धरल्या. काही नाही. आरशासारख्या लख्ख. टॉर्च घेऊन गिटारीच्या पोटात डोकावली, तर आत पट्ट्या चिकटवायला मारलेल्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, पट्टी लावून ओढलेल्या. सरळ रेघ काय, कुणाचीही असते. त्याचा प्रत्येक डाग, प्रत्येक बोट तिने स्वतः काढून टाकलं होतं, इतकी वर्षं, रोज, शिव्या घालत. हे तिला शेजारणीच्या अंगणात, हातात गिटार असताना कळलं, आणि ती तिथेच खाली बसली.

आणि मग तिला खुंटीवरची विहुएला आठवली.

तेव्हापासून ती विहुएला हाच तिचा देव. सकाळी चुलीवर आटोल, म्हणजे मक्याची पेज, ठेवून ती विहुएला खाली काढायची, मांडीवर घ्यायची, आणि त्या पंजावर आपला पंजा ठेवायची. काय तो पंजा, सांगतो. अंगठ्याचं मूळ गुबगुबीत. मधल्या बोटाचं टोक थोडं सपाट, करवतीने एकदा चकती उडाली होती तिथे. तर्जनीवर आडवी पांढरी रेघ, पटाशी लागल्याची. बोटांवरच्या बारीक रेषासुद्धा दिसत होत्या. असं वाटावं की आत्ताच हात उचलला आणि पाणी प्यायला गेला. सेनोबिया त्याच्याशी बोलायची. जेवलास का, पाय दुखतात का, असलंच. आणि रागावल्याबद्दल काही बोलायची नाही, ते तिला जमायचं नाही.

एके सकाळी ओतिलिया तिच्या शेजारी उकिडवी बसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"नाना, करंगळी कुठे गेली?"

"काय?"

"त्याची करंगळी. होती इथे. आता नाहीये."

सेनोबियाने विहुएला दारात नेली. तिरपी धरली. करंगळीच्या जागी एक राखाडी पुसट फराटा होता. पंजाचा खालचा भागही फिका पडला होता. ग्रीस लाखेच्या थरावर नुसतं बसलेलं होतं, आत मुरलेलं नव्हतं, आणि रोज त्यावर तिचा हात फिरत होता. तीच त्याला पुसत होती. 

"फोटो काढून ठेवू," ओतिलिया म्हणाली. "माझ्या फोनमध्ये."

"फोटोवर हात ठेवून बघ, काय लागतं ते."

ओतिलियाने तरी फोटो काढला. सेनोबियाने विहुएला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वर टांगली आणि त्या दिवसापासून तिला हात लावला नाही. तिला ते किती जड गेलं ते तिचं तिलाच ठाऊक. पण आमच्याकडची हवा दमट, आणि पावसाळा जवळ येत होता. काही आठवड्यांनी पिशवीच्या आत घाम धरला आणि अंगठ्याच्या शेजारी बुरशीचे बारीक ठिपके दिसले. ठेवावं तर बुरशी, काढावं तर धूळ, धूर आणि हात. या पंजावर काहीतरी चढवून तो कायमचा बंद करायला हवा होता, आणि तोही पाऊस धरायच्या आत.

आता तुम्ही म्हणाल, एवढी पॉलिशवाली बाई, तिला त्यात काय अवघड. अहो, तिलाच ठाऊक होतं किती अवघड ते. लाखेचं पॉलिश बोळ्याने घासत चढवतात. पहिल्याच फेरीत पंजा बोळ्यात आला असता. ब्रशनेही तेच. तेल लावलं तर ग्रीस तेलात पसरून पंजाचा ढग होणार. साधं लॅकर फवारायचं, तर ते माणसाच्या घामाने मऊ पडतं, वर्षं गेली की पिवळं होतं, तडकतं, आणि सेनोबियाला तर त्यावर रोज हात ठेवायचा होता. मरेपर्यंत. राहिलं हार्डनर घालून वापरायचं लॅकर, कॅटलाइज्ड म्हणतात ते. ते काचेसारखं कडक बसतं, घामाला दाद देत नाही, पांढऱ्याचं पांढरं राहतं. पण त्याच्या दोन खोडी. एक म्हणजे एकदा बसलं की विरघळत नाही, चुकलं तर चुकलं. दुसरी म्हणजे तेलकट जागेवरून ते पळतं. जिथे ग्रीस असेल तिथून अंग चोरतं आणि खड्डे पडतात. म्हणजे नेमका तिनोचा हात होता तिथेच ते थांबणार नव्हतं.

ती बसने मोठ्या गावात, पाराचोला गेली. तिथल्या रंगाच्या दुकानातला हिल्बेर्तो तिला लहानपणापासून ओळखत होता.

"कसलं देऊ, नाना? हार्डनर आधीच घातलेलं येतं आता. डबा उघडा, फवारा, झाकण लावा. कटकट नाही."

"किती दिवसांचं आहे?"

"ताजं आहे."

"तू कालचा पावही ताजा म्हणून विकशील. दोन डब्यांतलं दे. मी मिसळीन माझं मी."

"काय, कपाटबिपाट आहे का?"

"एक विहुएला."

"एका विहुएलासाठी? एकदा मिसळलं की संध्याकाळी उरलेल्याचा दगड होतो. वाया जाईल की."

"जाऊ दे. आणि मेण काढलेली लाख दे. मेण अजिबात नको."

"आणि एक सांगतो," तो डबे बांधताना म्हणाला, "हे बसलं की देव खाली आला तरी निघत नाही."

"म्हणूनच घेतेय," ती म्हणाली. हिल्बेर्तोला तिनोचं ठाऊक होतं. त्याने गाठ आवळली आणि डबे तिच्यापुढे सरकवले.

मग घरात जे सुरू झालं ते बघायला गल्ली लोटली. तिनोच्याच लाकडाचे उरलेले तुकडे तिने काढले, त्यावर तसाच लाखेचा पातळ हात मारला, सायकलच्या चेनचं ग्रीस हाताला फासलं आणि पंजे उठवले. स्वतःचे, ओतिलियाचे. त्यांच्यावर ती लॅकर फवारून बघायची. पहिल्या फळीवर लॅकर प्रत्येक बोटापासून असं मागे सरलं की देवीचे व्रण वाटावेत. दुसरीवर तिने दाट मारलं, तर बोटं वितळून ओघळली. मग तिने हार्डनर कमी करून बघितलं, जास्त करून बघितलं. जास्त घातलेली फळी दोन दिवसांत तडकली. प्लास्टिकच्या मापाने मोजायची, पत्र्याचं भांडं वापरायची नाही, कारण हार्डनर पत्र्याला खातं आणि लॅकर लालसर होतं. ती हे सगळं जन्मभर करत आली होती, पण आता मोजताना ती ओठ हलवून आकडे म्हणायची.

ताता वेनान्सिओ दारात आला. अंगणभर वाळत घातलेल्या फळ्या आणि प्रत्येकीवर एक पंजा.

"सेनोबिया, पोलीस चौकी काढलीस का?"

तिने वर बघितलं नाही. "तुझाही हात दे. मोठा पंजा हवाय मला, तिनोएवढा."

त्याने मुकाट्याने बाही सारली. त्या दिवशी त्याने दुसरा विनोद केला नाही.

वेनान्सिओच्या पंजावर तिला जमलं. बिनमेणाची लाख अगदी पातळ करून, दुरून, धुक्यासारखी फवारायची. ओलं होऊ द्यायचं नाही. सुकली की परत. मग परत. ग्रीस त्या धुक्याखाली अडकलं की मग हार्डनरचं लॅकर, तेही आधी धुकं, मग थोडं ओलं, मग पुरं. फळी वाळल्यावर तिने त्यावर ओला हात घासला, घामट मान घासली, थिनरचं फडकं फिरवलं. वेनान्सिओचा पंजा काचेखाली ठेवल्यासारखा जिथल्या तिथे. ओतिलियाला रडू फुटलं. सेनोबिया हसली, खूप दिवसांनी, आणि म्हणाली, "आता पळ काढून दाखव म्हणावं."

खात्री म्हणून तिने आणखी दोन फळ्या केल्या. दोन्ही जमल्या. मग ती उघड्या आभाळाची वाट बघत बसली. दमट हवेत फवारलं तर लॅकर दुधासारखं पांढरट होतं, आणि पांढरट लॅकरखाली पंजा असला काय नसला काय. आभाळ काही उघडेना. रोज दुपारी ढग. तिचं जेवण सुटलं. विहुएलाच्या पिशवीकडे ती खालून बघत राहायची, बुरशी किती चढली ते.

शेवटी एका सकाळी ऊन पडलं. कोरडं, कडक ऊन. सेनोबियाने अंगण शिंपलं, धूळ बसवली, चूल विझवायला लावली, कोंबड्या शेजारी हाकलल्या. विहुएला पिशवीतून काढली. तिच्यावर बुरशीची भुकटी होती, पाठीला, कडांना, मानेला. पंजा होता. अंगठा, तर्जनी आणि तिच्यावरची रेघ, मधलं बोट, अनामिका अर्धी.

"आहे ना?" ओतिलियाने विचारलं.

"आहे. तू कॉम्प्रेसरपाशी थांब. मी हाक मारली की चालू कर. मध्ये बोलू नकोस."

सेनोबियाने लाख गाळून घेतली. हार्डनर मोजलं, लॅकरमध्ये ओतलं, हलवलं. म्हणजे आता वेळेची मोजणी सुरू झाली होती. त्यातच पश्चिमेकडे डोंगरामागे ढगाचं एक टोक वर आलेलं तिला दिसलं. ती मनात म्हणत होती, आधी धुकं, मग धुकं, हात लांब, मनगट सैल. डोकं सगळं त्यातच. ढग, हार्डनर, धुकं. आणि हात मोकळे होते.

त्या हातांनी काय केलं ते आता सांगायचं आहे, आणि मला ते सांगवत नाही.

फवारणीआधी वाद्य पुसतात. तळहाताएवढं फडकं, थिनरमध्ये बुडवून पिळलेलं. आधी पाठ, मग कडा, मग मान, मग वाद्य उलटायचं आणि दर्शनी फळी, वरपासून खालपर्यंत, एका दमात, फडक्याची कोरी बाजू वर काढून पुन्हा एकदा. हे तिला बापाने शिकवलं तेव्हा ती बाकाएवढीही नव्हती. त्यानंतर तिने ते किती वेळा केलं असेल त्याला गणती नाही. सरावाच्या फळ्यांना पाठ नव्हती, मान नव्हती, बुरशी नव्हती. त्या पुसायचा प्रश्नच आला नव्हता. आता पाठीवर बुरशी होती. तिने पाठ पुसली. कडा पुसल्या. मान पुसली. ढगाकडे बघत विहुएला उलटी केली आणि फळी पुसली, वरपासून खालपर्यंत, एका दमात. फडक्याची कोरी बाजू वर काढली आणि पुन्हा एकदा.

"नाना," ओतिलिया म्हणाली.

"बोलू नकोस म्हटलं ना."

"नाना."

सेनोबियाने खाली बघितलं. फळी पांढरी होती. तिने ती वळवून उन्हात धरली, तिरपी धरली, अजून तिरपी. मग दुसऱ्या बाजूने. मग ती दाराशी गेली, परत उन्हात आली.  ओतिलिया धावत आली आणि तिने ते फडकं उचलून उलगडलं. काळे राखाडी फराटे होते त्यावर. ती ते छातीशी धरणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की फळ्यांवर पंजे उठवल्यावर सगळ्यांनी याच फडक्याला हात पुसले होते, आणि धुऊनही ते फराटे पुरते गेले नव्हते. तिचं ग्रीस, सेनोबियाचं ग्रीस, वेनान्सिओचं. त्यातलं तिनोचं कुठलं? तिने फडकं नाकाशी नेलं. थिनरचा वास.

सेनोबिया जमिनीवर बसली आणि स्वतःचे दोन्ही हात दगडावर आपटायला लागली. एकदा, दोनदा, कातडं सोलवटेपर्यंत. "तोडा हे," ती म्हणत होती. "कुणीतरी तोडा हे. हेच मेले हात. जन्मभर हेच केलंय यांनी, हेच." ओतिलियाने तिला मागून मिठी मारली, मनगटं धरली. दोघी अंगणात तशाच बसून राहिल्या. त्या दिवशी त्या घरातून जे रडणं ऐकू आलं ते तिनो गेल्यापासून कधी ऐकू आलं नव्हतं. इतके दिवस त्या दोघी एकमेकींसमोर रडल्या नव्हत्या, कारण रडलं म्हणजे तो मेला असं होईल, असं दोघींनाही वाटायचं. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात आल्या आणि कुणी पुढे झालं नाही. 

ढग वर चढत होता. बराच वेळ गेल्यावर सेनोबिया उठली, सोलवटलेले हात पाण्यात बुडवले आणि म्हणाली, "चालू कर."

"काय?"

"कॉम्प्रेसर. लॅकर जाईल."

"नाना, राहू दे आता. कशाला?"

"त्याने केलीय ती. चालू कर."

आणि तिने ती विहुएला फवारली. आधी लाखेचं धुकं, ज्याची आता काही गरज नव्हती, तरी तिने ते मारलं. मग लॅकर. ओतिलिया सांगते की नानाचा हात एकदाही हलला नाही. ढग पोचायच्या आत शेवटचा थर बसला होता.

आठवड्याने ताता वेनान्सिओ आला. त्याला कळलं होतं, गल्लीत सगळ्यांनाच कळलं होतं. बाहेर पाऊस लागून राहिला होता, हवेत गारठा. त्याने विहुएला खुंटीवरून काढली, दारात नेली आणि सवयीने तिरपी धरली. कुठे खड्डा नाही, कुठे पांढरट ढग नाही, धुळीचा एक कण नाही. इतकं निर्मळ काम आमच्या गावात कुणी केलेलं मी बघितलेलं नाही.  मग त्याच्या लक्षात आलं की आपली बोटं फळीवर टेकली आहेत, आणि या घरात त्याबद्दल काय बोलणी खावी लागतात ते आठवून त्याने हात झटकन मागे घेतला.

"राहू दे," सेनोबिया म्हणाली.

"अगं, डाग पडेल."

"राहू दे म्हणते ना. हात ठेव. अख्खा ठेव."

त्याने आपला मोठा, उबदार पंजा त्या गार फळीवर ठेवला. तिने त्याच्या हातावर आपला हात ठेवून तो दाबला, जोर लावून दाबला, आणि मग म्हणाली, "उचल."

त्याने हात उचलला. फळीवर वाफेचा एक पंजा होता, पाची बोटांचा. सेनोबिया वाकून, नाक टेकेल इतकं जवळून बघत होती. करंगळी आधी गेली, मग बाकीची बोटं, मग तळवा, आणि खाली पांढरी, कोरडी फळी राहिली. पुसायला काही नव्हतं. लॅकर चांगलं बसलं होतं.